जिवंत आजीचा मृत्यू : वैद्यकीय मदतनिधीच्या एका निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरमधल्या एका मराठी मदतनिधीच्या निवड समितीवर मी काही वर्षे काम करते आहे. एमबीबीएसला प्रवेश मिळाला, पण वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च घराला झेपत नाही, अशा दोघा-तिघांना हा निधी दरवर्षी बिनव्याजी मदत देतो. समितीत आम्ही चौघे होतो: एक निवृत्त शल्यचिकित्सक, निधीचे हिशेब पाहणारे एक सीए, शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आणि मी. मी स्वतः एका वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे.

अर्जासोबत गुणपत्रक, प्रवेशाचा कागद आणि उत्पन्नाचा दाखला मागवला जाई, आणि 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' या विषयावर स्वहस्ते लिहिलेले एक पानाचे निवेदन. त्यानंतर मुलाखत. या निवेदनाचा आम्हाला अभिमान होता. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली, आणि त्यांतल्या कोणालाही प्रवेशाच्या एकाही टप्प्यावर 'का' हा प्रश्न विचारला गेला नाही. तो निदान आपण तरी विचारतो, असे आम्हाला वाटत असे.

येथे मांडलेले प्रकरण २०२४ च्या सप्टेंबरमधले आहे. विद्यार्थ्यांची नावे बदलली आहेत, काही तपशील आणि एक नातेही बदलले आहे. ज्याच्याविषयी हे लिहिले आहे त्याने आणि त्याच्या आईने मजकूर वाचून संमती दिली आहे. नाते बदलण्याची अट त्याचीच होती.

प्रश्न कसा उभा राहिला

त्या वर्षी अकरा अर्ज आले. निनादचा अर्ज आमच्या प्राथमिक क्रमवारीत पहिला होता. वडील क्लॉथ मार्केटमधल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवण्याचे काम करतात, आई घरी शिवणकाम करते, आणि तिसऱ्या प्रयत्नात त्याला मध्य प्रदेशातल्याच, पण दुसऱ्या शहरातल्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली होती. निवेदनात त्याने लिहिले होते की, वडिलांची आई दम्याने आजारी असे, एका रात्री तिचा श्वास कोंडला, रुग्णवाहिका उशिरा आली आणि रुग्णालयाच्या वाटेवरच ती गेली. तिचा हात हातात असताना आपण डॉक्टर होण्याचे ठरवले. अक्षर सुरेख होते, भाषा संयत होती. मी त्या पानाला दहापैकी नऊ गुण दिले.

मुलाखतींच्या आदल्या रविवारी आम्ही चौघे शिक्षिकाबाईंच्या घरी अर्ज वाचत बसलो होतो. महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. निनादचा पत्ता आणि वडिलांचे नाव वाचून बाई थांबल्या. याच घरी त्या बुधवारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या आणि ज्या आजींनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, त्या याच मुलाच्या आजी होत्या. दम्याचा त्रास त्यांना आहे, पण त्या हयात आहेत.

मग आम्ही उरलेली निवेदने पुन्हा वाचली. अकरापैकी चार पानांवर घरातले कोणीतरी उपचाराअभावी गेले होते. दोन ठिकाणी 'तो हात माझ्या हातातच थंड झाला' हे वाक्य जसेच्या तसे होते. या चारांतले किती खरे आणि किती रचलेले, हे कळण्याचा कोणताही सभ्य मार्ग आमच्याजवळ नव्हता. निनादचे खोटे उघड झाले ते केवळ एका हळदीकुंकवामुळे. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असता, तर आम्ही त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवून समाधानाने घरी गेलो असतो.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेने २००७ साली सुमारे पन्नास हजार निवेदने संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा २३४ अर्जदारांनी एकच आठवण लिहिलेली आढळली: आठव्या वाढदिवशी रसायनांच्या खेळसंचाने प्रयोग करताना पायजम्याला भोके पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची ओढ लागली. तिथे जळका पायजमा, आपल्याकडे आजी. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावरून वाचणाऱ्याला काय आवडते हे कळते. मराठी घरांत डॉक्टर होण्याच्या कारणाचे जे चित्र मनात ठसले आहे, ते आनंदीबाई जोशींचे आहे. दहा दिवसांचे मूल गेले, त्या दुःखातून निश्चय झाला, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. आनंदीबाईंच्या बाबतीत ते खरेच होते, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पण त्या चित्रामुळे आम्हा निवड करणाऱ्यांची अशी समजूत झाली होती की, ज्याच्या घरात मृत्यू नाही त्याच्या इच्छेत खोली नाही. मुलांनी आमची ही समजूत अचूक हेरली होती.

मुलाखत

या टप्प्यावर आमच्या हातून पहिली चूक झाली. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे होते की, त्याला काही न सांगता प्रश्न विचारावेत आणि तो काय करतो ते पाहावे. मी विरोध केला नाही. मुलाखतीत त्यांनी शांतपणे विचारले, "आजी कोणत्या साली गेल्या?" निनाद क्षणभर थांबला आणि म्हणाला, "२०१९ मध्ये, सर." "कोणता महिना?" "डिसेंबर." "रात्री किती वाजता त्रास सुरू झाला?" त्याने वेळही सांगितली. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. पानावरचे खोटे बहुधा कोणाचे तरी उसने होते. ही तीन उत्तरे मात्र त्याची स्वतःची होती, आणि ती द्यायला आम्ही त्याला भाग पाडले होते.

मुलाखत संपल्यावर आमच्यापैकी एकालाही बरे वाटत नव्हते.

समोरचे पर्याय

डॉक्टरसाहेबांचे मत स्पष्ट होते: अर्ज फेटाळावा आणि महाविद्यालयालाही कळवावे. त्यांच्या कठोरपणामागे या शहराचा इतिहास होता. व्यापम या मध्य प्रदेशातल्या परीक्षा-घोटाळ्यातले तोतया परीक्षार्थी २०१३ साली इंदूरमध्येच पकडले गेले, २०१५ साली तपास सीबीआयकडे गेला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. त्यांतले कित्येक तोवर शिकून बाहेर पडण्याच्या बेतात होते. शिवाय २०२४ मध्येच नीटच्या पेपरफुटीचा वाद त्याच न्यायालयापर्यंत गेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ज्याने न घडलेला मृत्यू लिहिला, तो उद्या न केलेली तपासणी लिहील. केसपेपरवर खोटे लिहिणाऱ्यापेक्षा न शिकलेला बरा."

सीएंचे म्हणणे याच्या उलट होते. निधीच्या नियमांत उत्पन्न आणि प्रवेश या दोनच अटी आहेत, दोन्ही कागद खरे आहेत. निवेदन हा आमचा हौसेचा भाग, त्याकडे दुर्लक्ष करावे. बाईंना वाटत होते की, त्याला एकट्याला बोलावून विचारावे आणि पान पुन्हा लिहू द्यावे.

डॉक्टरसाहेबांचे वाक्य मला टाळता येत नव्हते, कारण ते बरोबर होते. वॉर्डात प्रशिक्षणार्थी कालचीच नाडी आज उतरवतो, ते आणि हे एकाच जातीचे कृत्य आहे. पण त्याच वाक्याने मला माझी स्वतःची प्रयोगशाळा आठवली. पहिल्या वर्षाची मुले एकमेकांची नाडी आणि रक्तदाब मोजून जर्नलमध्ये लिहीत, आणि वर्गाच्या वर्गात नाडी ७२ आणि रक्तदाब १२०/८० असे. पंचवीस मुलांची नाडी एकसारखी ७२ असणे अशक्य आहे, हे मला कळत होते. तरीही मी त्या जर्नलांवर सह्या केल्या, कारण परीक्षा जवळ आलेली असे आणि ७२ हा आकडा पुस्तकातला होता. एखाद्याने प्रामाणिकपणे ५८ लिहिले, तर मीच त्याला 'पुन्हा मोज' म्हणत असे. ७२ लिहिणाऱ्याला कधी म्हटले नाही. मुलांनी त्यातून जे शिकायचे ते शिकून घेतले असणार. आमच्या निवेदनाच्या प्रश्नाने नेमके हेच केले होते. अपेक्षित आकडा कोणता, हे आम्ही विचारण्याआधीच ठरवून टाकले होते.

हे समितीसमोर बोलल्यावर सीएंनी एक काम केले, ज्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी क्रमवारीतला सर्वांत खालचा अर्ज काढून मोठ्याने वाचला. वैदेहीने पानभर जागेत चार वाक्ये लिहिली होती: 'मला जीवशास्त्रात चांगले गुण मिळाले. सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. हे शिक्षण पुरे झाल्यावर काम मिळण्याची खात्री इतर शिक्षणापेक्षा जास्त आहे. माझ्या पाठीवर दोन बहिणी आहेत.' समासात शेरा होता, 'सेवाभाव दिसत नाही'. अक्षर माझे होते.

दुसरी भेट

आम्ही बाईंचा मार्ग स्वीकारला, पण एक बदल करून. निनादला बोलावताना कारण आधीच सांगायचे, म्हणजे पुन्हा सापळा होणार नाही. मी फोनवर त्याला म्हटले की, आजी हयात आहेत हे आम्हाला मुलाखतीच्या आधीपासून माहीत होते, आम्ही तसे विचारायला नको होते, आणि आता तुला यायचे असेल तर ये, नसेल तर अर्ज मागे घेण्याचीही मोकळीक आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, आजीला सांगू नका." मदतीबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही.

तो आईला घेऊन आला. मजकूर क्लासमधल्या एका मुलाकडून वॉट्सअॅपवर आला होता. त्यात 'आजी किंवा आजोबा' अशी जागाच मोकळी सोडलेली होती. आई म्हणाल्या, "मी वाचलं तेव्हाच म्हटलं, जित्या माणसाबद्दल असं लिहू नये रे. पण सगळे असंच लिहितात म्हणाला, आणि मी गप्प बसले."

मी त्याला विचारले की, खरे कारण काय लिहिले असतेस. त्याने सांगितले ते मी त्याच संध्याकाळी टिपून ठेवले. दुकानात मालकांचे ओळखीचे डॉक्टर आले की वडील उठून उभे राहतात. वडिलांना कोणासाठी उठावे लागू नये असे त्याला वाटते. हृदयाच्या आकृत्या काढायला आवडतात. क्लासच्या फीचे कर्ज अजून फिटायचे आहे आणि दोन वर्षे मागे पडल्यावर आता दुसरा रस्ता घरात कोणी बोलून दाखवत नाही. शेवटी तो म्हणाला, "आजारी माणसांबद्दल मला काय वाटतं, ते मला अजून माहीत नाही. मी कधी वॉर्डात गेलेलोच नाही."

विसाव्या वर्षी, जीवशास्त्राचे हजारो प्रश्न सोडवून झाल्यावर, या मुलाने रुग्णालय आतून पाहिले नव्हते. अशा मुलाला आम्ही त्याच्या रुग्णसेवेच्या ओढीवर एक पान मागितले होते. त्याचे हे शेवटचे वाक्य मला त्या वर्षी ऐकलेल्या सगळ्या उत्तरांत सर्वांत वैद्यकीय वाटले. जे मोजलेले नाही, ते 'मोजले नाही' असे सांगणे यालाच आम्ही नोंद म्हणतो.

हेतू मिश्र असणे हा दोष आहे का, यावर समितीत पुढे बरीच चर्चा झाली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत प्रेरणेचे दोन टोकांमधले टप्पे मानले आहेत: एका टोकाला केवळ दबाव किंवा बक्षीस, दुसऱ्या टोकाला कामाचीच आवड, आणि मधे असे टप्पे जिथे बाहेरून आलेले कारण माणूस हळूहळू आपले करून घेतो. वडिलांच्या मानाचा विचार बाहेरचा की आतला? मला तो दोन्ही वाटतो. पगाराची खात्री हवी असलेली मुलगी रुग्णाशी प्रामाणिक राहू शकते, आणि आजीच्या खऱ्या मृत्यूतून डॉक्टर झालेला माणूस अनावश्यक तपासण्या लिहू शकतो. हेतू कोठून आला यावरून तो पुढे कसा वागेल हे आम्ही ओळखू पाहत होतो, आणि तसे ओळखता येते याचा कोणताही आधार आमच्याजवळ नव्हता. खोटे बोलणे मात्र हेतूपेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा विचार वेगळा करणे भाग होते.

निर्णय

क्रमवारी रद्द करून आम्ही निवेदनांचे गुण सगळ्यांसाठीच बाजूला ठेवले आणि गरज व कागद यांवर नवी यादी केली. वैदेही पहिली आली. तिला आणि आणखी एका विद्यार्थ्याला पूर्ण मदत मिळाली.

निनाद तिसरा होता. त्याला पहिल्या वर्षाचीच मदत द्यावी, वसतिगृह आणि खानावळीचे पैसे थेट तिकडे भरावेत, पुस्तकांचा हिशेब त्याने द्यावा आणि पुढचे वर्ष त्या वेळी ठरवावे, असे तिघांचे मत पडले. डॉक्टरसाहेबांनी आधी सुचवले की, मदत द्यायचीच तर खेड्यात दोन वर्षे काम करण्याचे लिहून घ्यावे. मी याला विरोध केला. सरकारी जागेवर शिकणाऱ्यांकडून मध्य प्रदेशात ग्रामीण सेवेचा बंध तसाही लिहून घेतला जातो. त्यावर आमची अट चढवणे म्हणजे अपराधाची शिक्षा म्हणून खेड्यातल्या रुग्णांना डॉक्टर देणे झाले असते. त्या रुग्णांनी काय केले होते? ही सूचना त्यांनी मागे घेतली, पण मूळ निर्णय त्यांना पटला नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे, तिथे तो शिकेल, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले की, नीती तासाला बसून येत नाही, ती वरिष्ठ काय खपवून घेतात ते पाहून येते. हा युक्तिवाद माझ्या जर्नलांवरच्या सह्यांइतकाच खरा आहे, आणि माझ्याजवळ त्याला पुरे उत्तर नव्हते. महाविद्यालयाला कळवायचे नाही, हे चौघांनी मान्य केले, कारण प्रवेशात त्याने काहीही खोटे केलेले नव्हते. वर्षअखेरीला डॉक्टरसाहेब समितीतून बाहेर पडले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसाच आहे.

पुढे काय झाले

निनाद पहिले वर्ष उत्तीर्ण झाला. त्याने पाठवलेल्या हिशेबात शेवटची ओळ होती, 'रु. ३४० : कशावर खर्च झाले ते आठवत नाही.' सीएंनी त्या ओळीखाली तशीच सही केली. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर नजर आहे तो जपून वागतोच. दुसऱ्या वर्षाची मदत चालू केली. वैदेहीशी आमचा संबंध पावत्यांपुरताच आहे आणि तो तसाच असावा असे तिलाही वाटते.

आम्ही प्रश्न बदलला. २०२५ च्या अर्जात विचारले की, ज्यात दोन्ही बाजूंनी कोणाचे तरी थोडे नुकसान होणारच होते, असा एखादा साधा प्रसंग सांगा आणि तुम्ही काय केले ते लिहा. या उत्तराला गुण नाहीत, मुलाखतीत त्यावर बोलू. त्या वर्षी ४ मे रोजी नीटच्या वेळी इंदूरमध्ये वादळी पाऊस होऊन अनेक केंद्रांवर वीज गेली होती आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले होते. एका मुलीने लिहिले की, तिच्या केंद्रावरही वीज गेली, पण तिचे बाक खिडकीजवळ होते आणि तिला पेपर नीट दिसत होता. मैत्रिणी याचिकेत नाव घालायला सांगत होत्या, फेरपरीक्षा मिळाली तर तिचाही फायदा होता. तिने नाव घातले नाही, आणि मैत्रिणी आजही तिच्याशी नीट बोलत नाहीत. ते योग्य होते का, हे तिला ठरवता आलेले नाही. तिच्याशी आम्ही अर्धा तास बोललो. मात्र त्याच वर्षी दोन अर्जांत कॉपी करणाऱ्या मित्राचा एकच प्रसंग, एकाच क्रमाने लिहिलेला होता. नवा साचा तयार व्हायला एक हंगामही लागला नाही.

काय वेगळे करता आले असते

मुलाखतीतले ते तीन प्रश्न विचारायला नको होते, हे मी वर लिहिलेच आहे. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न परीक्षेत शोभतो; मदत मागायला आलेल्या माणसाला तो विचारला की ती उलटतपासणी होते.

दुसरी गोष्ट बाईंना मिळालेल्या माहितीची. ती त्यांना पाहुणी म्हणून मिळाली होती. ती वापरावी की नाही, यावर आम्ही पाच मिनिटेही विचार केला नाही. डॉक्टरला लग्नघरात कोणाच्या आजाराविषयी कळले, तर तो ते रुग्णाच्या कागदावर लिहीत नाही. आम्ही मात्र लिहिले. बाईंनी त्या अर्जापुरते बाजूला राहायला हवे होते आणि तसे सुचवणे माझे काम होते. संशय असलेली चार पाने समोर असताना फक्त एकाचीच चौकशी झाली, हा अन्यायही त्यातूनच आला.

तिसरी गोष्ट मला अजून सलते. निवेदनाचे गुण रद्द करून नवी यादी केल्याचे आम्ही कोणालाच कळवले नाही. मदत न मिळालेल्या आठ जणांना नेहमीचे दोन ओळींचे पत्र गेले. त्यांत ती तीन मुले होती, ज्यांच्या घरचे मृत्यू कदाचित खरे होते. आपण लिहिलेले पान कोणी वाचले का, त्यावर विश्वास ठेवला का, हे त्यांना आजही माहीत नाही. त्यांना पत्र लिहावे असा ठराव मी मांडला आहे. मजकुरावर समितीचे अजून एकमत झालेले नाही.